लष्करी रुग्णालयाचे फाटक अपघातग्रस्तांसाठी उघडावे

लष्करी रुग्णालय उभे राहते युद्धासाठी आणि त्याचे आयुष्य जाते शांततेत. त्याच्या बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे. एखाद्या मध्यम आकाराच्या एमएचच्या (मिलिटरी हॉस्पिटलच्या) ओपीडीत आज कोण दिसते? ताप-खोकल्याचे जवान, कवायतीत घोटा मुरगळलेले रिक्रूट, मधुमेह-रक्तदाबाची औषधे न्यायला आलेले निवृत्त सुभेदार, गरोदर बायका, लसीकरणाची बाळे आणि शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीची श्रेणी, परत मिळावी म्हणून वैद्यकीय बोर्डाची फाईल घेऊन बसलेले लोक. ऑपरेशनच्या यादीत हर्निया, पित्ताशय, मूळव्याध, गुडघ्याची दुर्बीण, सिझेरियन. यातले कुठलेही काम हलके नाही. घरच्यांची सोय नीट लागलेली असली की जवान सीमेवर निश्चिंत राहतो, हेही खरे. पण ही यादी वर्षानुवर्षे पार पाडून, मांडीची धमनी तुटलेला माणूस काही मिनिटांत वाचवण्याची सवय हाताला लागत नाही.

आणि त्याच वेळी छावणीच्या भिंतीपलीकडून महामार्ग जातो. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे मेली. त्यातले कितीतरी जण ज्या गोष्टींनी मेले, त्याच गोष्टी रणांगणावर माणूस मारतात: रक्तस्राव, बंद झालेला श्वासमार्ग, छातीत कोंडलेली हवा, डोक्याची जखम. भिंतीच्या एका बाजूला प्रशिक्षित सर्जन आहेत आणि जखमी नाहीत. दुसऱ्या बाजूला जखमींची रांग आहे आणि सर्जन अपुरे आहेत. तेव्हा कमांड रुग्णालयांनी (लष्कराच्या प्रादेशिक कमांडच्या मोठ्या रुग्णालयांनी) आणि सोयी असलेल्या मोठ्या एमएचनी गंभीर अपघातग्रस्तांना नेमून दिलेले काम म्हणून घ्यावे, असे आमचे म्हणणे आहे. नागरिकांचा फायदा त्यात आहेच, पण हा युक्तिवाद दयेचा नाही. गरज लष्कराची आहे.

शांततेत लष्करी उपचारांचे कौशल्य घसरते. ब्रिटिश लष्करी वैद्यकात या घसरणीला ‘वॉकर डिप’ म्हणतात, रॉयल नेव्हीचे सर्जन अ‍ॅलिस्डेअर वॉकर यांच्या नावावरून. युद्ध संपते तेव्हा जखमींवरचे उपचार सर्वांत चांगले असतात. मग अनुभवी माणसे निवृत्त होतात, जखमी यायचे थांबतात, पैसा दुसरीकडे वळतो. पुढचे युद्ध लागते तेव्हा पहिल्या वर्षातले सैनिक मागच्या युद्धात शिकून झालेल्या धड्याची किंमत पुन्हा मोजतात.

रक्ताचेच पाहा. 1917 मध्ये पश्चिम आघाडीवर ओसवाल्ड रॉबर्टसन या अमेरिकन डॉक्टरने ओ गटाचे रक्त ते गोठू नये म्हणून सायट्रेट-ग्लुकोज घालून बर्फाच्या पेटीत साठवले आणि आघाडीजवळच्या जखमींना दिले. रक्तस्रावाने खचलेल्याला रक्तच द्यावे, हे तेव्हाच कळले होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्य उतरले ते मात्र वाळवलेल्या प्लाझ्माच्या (पेशी काढून उरलेल्या रक्तद्रवाच्या) भरवशावर; प्लाझ्मा साठवायला सोपा, न्यायला सोपा. प्लाझ्माने रक्तदाब चढतो, पण प्राणवायू वाहायला लाल पेशीच लागतात, हे 1943 मध्ये उत्तर आफ्रिकेतून एडवर्ड चर्चिल या सर्जनला नव्याने ओरडून सांगावे लागले. पुढे व्हिएतनामनंतरच्या शांततेत रक्ताचे घटक वेगळे करून देण्याची पद्धत रुळली आणि जखमीला आधी दोन-तीन लिटर सलाईन चढवायचे हा शिरस्ता झाला. त्याने रक्त पातळ होते, थंड होते, गोठेनासे होते. बगदादच्या अमेरिकी लष्करी रुग्णालयातल्या नोंदींचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला: ज्यांना लाल पेशींच्या आठ पिशव्यांमागे प्लाझ्माची एकच मिळाली त्यांच्यात मृत्यू 65 टक्के, आणि जिथे हे प्रमाण दीडास एकच्या आत होते तिथे 19 टक्के. या आकड्यांत एक खोट आहे, ती सांगितली पाहिजे. जो लवकर मेला त्याला प्लाझ्मा वितळेपर्यंत जगायलाच मिळाले नाही, त्यामुळे फरक आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. तरी दिशा बरोबर होती, आणि ती 1917 चीच होती.

जखम शिवण्याचेही तेच. पहिल्या महायुद्धात खतावलेल्या शेतांत लढताना सर्जनांना कळले की माती-कापड घुसलेली जखम लगेच शिवली तर आत वायुकोथ (गॅस गँग्रीन) होतो. मेलेले मांस कापून काढायचे, जखम उघडी ठेवायची, काही दिवसांनी शिवायची. पुढच्या जवळपास प्रत्येक युद्धाच्या सुरुवातीला कोणीतरी तरुण सर्जन नागरी सवयीने जखम टापटीप शिवून टाकतो आणि तिसऱ्या दिवशी पाय जातो.

पुस्तकात हे सगळे लिहिलेले असते. तरीही विसरले जाते, कारण ही माहिती डोक्यात असून भागत नाही. मेलेला स्नायू ओळखायचा तो रंगावरून, हाताला लागणाऱ्या घट्टपणावरून, चिमट्याने दाबल्यावर तो आक्रसतो का आणि कापल्यावर रक्त येते का यावरून. किती कापायचे हे पन्नासाव्या जखमेला कळते, पाचव्या जखमेला कळत नाही. नवा माणूस दोन्हीकडे चुकतो. भीतीने कमी कापतो, किंवा घाबरून जिवंत स्नायूही काढून टाकतो.

लष्करी रुग्णालयांचा इतिहास सांगताना इमारतींचे फार कौतुक होते. रोमन सैन्याच्या तळांवर मधल्या चौकाभोवती खोल्यांच्या रांगा असलेली रुग्णालये होती, स्कॉटलंडमधल्या इंचटुथिलपर्यंत त्यांचे पाये सापडले आहेत. पण इमारत आणि उपचार यांची फारकत कशी होते याचे उत्तम उदाहरण इंग्लंडमधले नेटली. क्रिमियाच्या युद्धात इस्तंबूलजवळच्या स्कुटारीच्या बराकीतल्या ब्रिटिश रुग्णालयात जे घडले त्याची लाज वाटून हे रुग्णालय बांधायला घेतले. 1856 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते पायाभरणी झाली, 1863 मध्ये रुग्ण आले. सुमारे पाव मैल लांब इमारत, हजाराच्या घरात खाटा, समुद्राकडून पाहणाऱ्याचे डोळे दिपावेत अशी. समुद्राच्या बाजूला रुंद लांबच लांब मार्गिका होती आणि रुग्णांचे वॉर्ड मागच्या अंगणाकडे तोंड करून. म्हणजे उजेड आणि वारा मार्गिकेला, रुग्णाला सावली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी नकाशा पाहून विरोध केला, पंतप्रधान पामर्स्टन यांनाही तो पटला. पण पाया घातला गेला होता, आणि सरकारी पाया एकदा घातला की त्यावर भिंत येतेच. नेटलीला त्यातल्या त्यात अर्थ दिला तो तिथल्या लष्करी वैद्यकीय शाळेने. अल्मरॉथ राइट यांनी विषमज्वराच्या लशीवर काम केले ते तिथे. मुख्य इमारत 1966 मध्ये पाडली.

स्कुटारीचा धडाही गटारांचाच होता. फेब्रुवारी 1855 मध्ये तिथला मृत्युदर 42 टक्क्यांच्या आसपास होता. मार्चमध्ये स्वच्छता आयोग आला, तुंबलेले मैलानाले उपसले, पाण्याच्या वाटेतली मेलेली जनावरे काढली, भिंतींना चुना दिला, वारा खेळता केला. जूनपर्यंत दर 2 टक्क्यांवर आला. नाइटिंगेल यांचे थोरपण असे की त्यांनी हे आकडे नंतर स्वतः मांडले आणि श्रेय नाल्यांना जाऊ दिले.

आपल्याकडच्या इतिहासात या लेखाच्या मुद्द्याशी थेट भिडणारी एक गोष्ट आहे, ती मात्र कोणी काढत नाही. इंडियन मेडिकल सर्व्हिस ही मुळात लष्करी सेवा. पण तिचे बरेच अधिकारी शांततेच्या काळात नागरी कामावर असत: जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन, वैद्यकीय महाविद्यालयांतले प्राध्यापक, तुरुंगांचे अधीक्षक. युद्ध लागले की त्यांना परत बोलवायचे, असा तो साठा होता. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहणारे रोनाल्ड रॉस याच सेवेतले. ही व्यवस्था न्याय्य नव्हती. वरच्या जागा दीर्घकाळ गोऱ्यांसाठी राखीव असल्यासारख्या होत्या आणि जिल्ह्याच्या आरोग्यापेक्षा साम्राज्याची सोय आधी पाहिली जाई. 1947 मध्ये ती सेवा गेली हे योग्यच झाले. पण तिच्याबरोबर एक शहाणपणही गेले: लष्कराच्या डॉक्टरने शांततेत रुग्णांच्या गर्दीत राहावे. 1948 मध्ये पुण्यात एएफएमसी, म्हणजे सैन्यदलांचे वैद्यकीय महाविद्यालय आले, सैन्याची वैद्यकीय सेवा स्वतःच्या पायावर उभी राहिली आणि हळूहळू स्वतःच्या भिंतीआड गेली.

भिंतीआडच्या सेवेला युद्ध मिळाले तेव्हा तिने नाव काढले, यात वाद नाही. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली 60 पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स 1950 मध्ये कोरियात गेली. मार्च 1951 मध्ये मुनसानच्या मोहिमेत त्यातल्या तुकडीने अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर उड्या मारल्या. त्याच परंपरेतल्या पथकाने फेब्रुवारी 2023 मध्ये तुर्कस्तानातल्या इस्केंदेरूनला भूकंपग्रस्तांसाठी 30 खाटांचे फील्ड हॉस्पिटल थाटले. कोव्हिडमध्ये लष्करी डॉक्टर आणि परिचारिका नागरी रुग्णांसाठी राबल्या. म्हणजे फाटक उघडत नाही असे नाही. ते आपत्ती आली की उघडते आणि ओसरली की बंद होते. कौशल्य टिकवायला मात्र रोजचा ओघ लागतो.

त्यातच 2003 पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आली. निवृत्तांना जवळच्या खासगी रुग्णालयात उपचार मिळू लागले, ही मोठी सोय झाली. पण तिचा एक परिणाम कोणी मोजत नाही. गुंतागुंतीचे, वयस्क, अनेक व्याधींचे रुग्ण जितके बाहेर जातात तितके आतल्या सर्जनच्या हातचे अवघड काम कमी होते.

आता दुसरी बाजू, कारण ज्ञान एकाच दिशेने वाहत नाही. युद्धातून नागरी वैद्यकाला मिळाले त्याची यादी सगळ्यांना पाठ असते. दुसऱ्या महायुद्धात धमनी बांधून टाकायची रीत होती आणि त्यातले जवळपास निम्मे पाय कापावे लागत. कोरियात धमनी जोडायला लागल्यावर हे प्रमाण 13 टक्क्यांवर आले. उलट वाटेने आलेल्या गोष्टी कमी सांगितल्या जातात. इराक-अफगाणिस्तानात हजारोंना वाचवणारी ‘डॅमेज कंट्रोल’ शस्त्रक्रिया फिलाडेल्फियातल्या नागरी सर्जननी 1993 मध्ये मांडली, शहरात गोळ्या लागून येणाऱ्या रुग्णांवरच्या अनुभवातून. रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडची मोठी चाचणी 40 देशांतल्या 274 रुग्णालयांत, 20 हजारांहून अधिक रुग्णांवर झाली. 2010 मध्ये निष्कर्ष आले आणि सैन्यांनी ते उचलले. इजा झाल्यापासून तीन तासांच्या आत दिले तरच फायदा, त्यानंतर दिले तर अपाय होऊ शकतो, हेही त्याच माहितीतून कळले.

डॅमेज कंट्रोल म्हणजे काय करतात हे पाहिले की सराव का लागतो ते उमजते. पोटात रक्त भरलेला, अंग गार पडलेला, रक्तदाब 70 वर आलेला माणूस टेबलावर आहे. शरीर थंड, रक्त आम्लधर्मी आणि गोठण्याची क्षमता संपलेली. या तिन्ही गोष्टी एकमेकींना ओढून नेतात. इथे उत्तम शस्त्रक्रिया केली तर माणूस मरतो. म्हणून अर्धवट करायची. पोट मधोमध उघडायचे, चारही कोपऱ्यांत मोठे पॅड कोंबायचे, भूलतज्ज्ञाला रक्त चढवायला पाच मिनिटे द्यायची, मग एकेक पॅड काढत रक्त कुठून येते ते पाहून बांधायचे. फाटलेले आतडे दोन्ही टोकांनी बंद करायचे, जोडायचे नाही. यकृतातून झिरपत असेल तर पॅड तिथेच ठेवायचे आणि किती ठेवले ते फळ्यावर लिहायचे. पोट न शिवता तात्पुरते झाकायचे आणि तासाभरात आयसीयूत न्यायचे. तिथे ऊब, रक्त, श्वासयंत्र. 24 ते 48 तासांनी परत टेबलावर, तेव्हा आतडे जोडायचे.

सर्जनला यात सर्वांत जड जाते ते थांबणे. पित्ताशयाच्या नीटनेटक्या शस्त्रक्रिया करणारा माणूस जोडणी पुरी करायला जातो, दोन तास घेतो आणि रुग्ण टेबलावरच थंड होऊन जातो. आणि हे एकट्या सर्जनचे काम नाही. थिएटरचे तापमान आधीच वाढवून ठेवणारा तंत्रज्ञ लागतो. रक्त, प्लाझ्मा, प्लेटलेट सारख्या प्रमाणात मागवणारा आणि रक्तातले सायट्रेट कॅल्शियम बांधून टाकते म्हणून दर काही पिशव्यांनंतर कॅल्शियम देणारा भूलतज्ज्ञ लागतो. कोण काय मागेल ते आधी ओळखणारी परिचारिका लागते. यांतला एक जरी नवखा असला तरी साखळी तिथे तुटते.

रक्तपेढीचे गणित तर सरळ आहे. लाल पेशी 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट पाच दिवस. गोठवलेला प्लाझ्मा वितळायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि वितळवून तयार ठेवला तर पाच दिवसांत वापरावा लागतो. ज्या रुग्णालयात महिन्याला दोनच मोठे रक्तस्राव येतात तिथे भरपूर साठा ठेवला तर तो वाया जातो आणि ऑडिटवाला विचारतो. म्हणून साठा कमी ठेवतात. मग ज्या दिवशी खरेच वीस पिशव्या लागतात त्या दिवशी सहा असतात. अपघातांचा नेहमीचा ओघ असला की साठा फिरता राहतो, मोठा ठेवता येतो.

जगात यावर वेगवेगळी उत्तरे निघाली. इस्रायलने लष्करी रुग्णालये ठेवलीच नाहीत. तेल हाशोमेरचे 1948 चे लष्करी रुग्णालय 1953 मध्ये नागरी झाले आणि आज ते शेबा म्हणून ओळखले जाते. जर्मनीने कोब्लेंझ, उल्म, बर्लिन, हॅम्बुर्ग आणि वेस्टरस्टेडे इथली पाच लष्करी रुग्णालये ठेवली, पण ती नागरी आपत्कालीन सेवेत जोडली. उल्मच्या आवारात नागरी बचावाचे हेलिकॉप्टर तैनात असते. अमेरिकेत सॅन अँटोनियोचे ब्रूक लष्करी वैद्यकीय केंद्र शहरातले गंभीर अपघातग्रस्त घेते. ब्रिटनने 1990 च्या दशकात खर्च कमी करण्यासाठी लष्करी रुग्णालये बंद करायला घेतली, 1753 पासून चालत आलेले हॅस्लरही शेवटी गेले, आणि 2001 मध्ये बर्मिंगहॅमच्या नागरी रुग्णालयात लष्करी वैद्यकाचे केंद्र उघडले.

बर्मिंगहॅमचा अनुभव आमच्या मताला अडचणीचा आहे, म्हणून तो टाळून चालणार नाही. स्वतःची रुग्णालये नसतानाही ब्रिटनने अफगाणिस्तानातले जखमी उत्तम सांभाळले. मग इमारत हवीच कशाला? उत्तर असे की तिथल्या लष्करी डॉक्टरांना शहराच्या जखमींचा ओघ मिळाला, जे आपण मागतो आहोत तेच. पण वॉर्डात इतर रुग्णांमध्ये एकट्या पडलेल्या जखमी सैनिकांच्या तक्रारी झाल्या आणि अखेर लष्करी व्यवस्थापनाचा वेगळा वॉर्ड करावा लागला. पाय गमावलेल्या विशीतल्या माणसाला शेजारच्या खाटेवर तसाच दुसरा माणूस लागतो. शिवाय नागरी रुग्णालय फील्ड हॉस्पिटलचे तंबू, जनरेटर, निर्जंतुकीकरणाची पेटी वापरात ठेवत नाही. आरएपीपासून (पलटणीच्या प्रथमोपचार केंद्रापासून) आघाडीजवळच्या फॉरवर्ड सर्जिकल सेंटरमार्गे कमांड रुग्णालयापर्यंतची आपली साखळी तर मुळीच नाही. इमारत ठेवावी, रुग्ण बदलावेत, हा जर्मन मार्ग आपल्याला जास्त जवळचा.

रस्त्यावरची जखम आणि सुरुंगाची जखम एक नव्हे, हा आक्षेप अर्धा खरा आहे. ट्रकने उडवलेल्याला प्लीहा, ओटीपोटाची हाडे, मेंदू यांची बंद इजा असते. स्फोटात अवयव तुटतो, भाजते, माती आत घुसते. श्वासमार्ग, छातीत नळी घालणे, रक्त देणे, डॅमेज कंट्रोल, हाडाला बाहेरून चौकट लावणे हे मात्र दोन्हीकडे सारखे. आणि मातीने माखलेल्या चिरडलेल्या जखमा आपल्याकडे कमी नाहीत. कडबाकुट्टीत सापडलेला हात, मळणी यंत्रात ओढला गेलेला दंड, रेल्वेखाली तुटलेला पाय, सिलिंडरच्या स्फोटात भाजलेले कुटुंब. सहा ते नऊ लिटर सलाईनने धुवून, मेलेले कापून, उघडी ठेवून 48 तासांनी पुन्हा पाहण्याची जखम शिकायची असेल तर कडबाकुट्टीइतका कडक मास्तर दुसरा नाही.

सुरक्षेचा आक्षेप खरा आहे, पण त्यावरचा उपाय बांधकामाचा आहे. अपघात विभागाचे दार बाहेरच्या रस्त्याकडे हवे, आतल्या वॉर्डांकडे जाणारा रस्ता वेगळा आणि पहारा त्या आतल्या दाराशी. रुग्णवाहिका थेट आत, सोबत ओळखपत्र दाखवून एक नातेवाईक. मुख्य फाटकावर पास तपासत बसलो तर दहा मिनिटे तिथेच जातात आणि रक्त थांबत नाही.

खाटा अडकतील ही भीती जास्त गंभीर. अपघाताचा रुग्ण तीन दिवसांत वाचतो आणि मग तीन आठवडे पडून राहतो. घरचे न्यायला येत नाहीत, सिव्हिलमध्ये जागा नसते. इथे 2025 ची रस्ते अपघातग्रस्तांसाठीची कॅशलेस योजना कामी येते. नेमलेल्या रुग्णालयात अपघातानंतर सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार तिच्यात बसतो. लष्करी रुग्णालयांना या यादीत घ्यावे आणि जिल्हा रुग्णालयाशी लेखी करार करावा: स्थिर झालेला रुग्ण सातव्या दिवसाच्या आत तिकडे जाईल, तिथे जागा ठेवणे त्यांना बंधनकारक. करार आधी नसेल तर पहिल्याच महिन्यात वॉर्ड तुंबेल आणि योजना बदनाम होईल. युद्धजन्य परिस्थितीत 72 तासांत हे रुग्ण हलवण्याची तरतूदही त्याच कागदावर असावी, आणि वर्षातून एकदा ती खरोखर करून पाहावी.

मेडिको-लीगलचे, म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंधित वैद्यकीय नोंदींचे काम वाढेल, सर्जनला कोर्टाच्या तारखा येतील, हे खरे. अपघात विभागात पोलिसांची चौकी आणि साक्ष व्हिडिओवरून, इतके मागणे अवाजवी नाही.

मात्र सगळ्यांनीच फाटक उघडावे असे आम्ही म्हणत नाही, आणि उत्साहाच्या भरात तसे झाले तर माणसे मरतील. जिथे रात्री दोन वाजता सीटी होत नाही, भूलतज्ज्ञ आवारात नसून घरून येतो, रक्तपेढी नाही, तिथे गंभीर जखमीला नेणे म्हणजे त्याचा पहिला तास वाया घालवणे. देवळाली, अहिल्यानगर, कामठी इथल्या एमएच महामार्गांच्या जवळ असल्या तरी आधी या तीन गोष्टी तपासाव्यात. जिथे नाहीत तिथे बर्मिंगहॅमचा मार्ग: सर्जन, भूलतज्ज्ञ, दोन नर्सिंग ऑफिसर, ओटी तंत्रज्ञ असे अख्खे पथक तीन-तीन महिने शहरातल्या वर्दळीच्या नागरी ट्रॉमा विभागात पाठवावे. एकट्या सर्जनला पाठवून भागत नाही. पलटणीतले नर्सिंग असिस्टंटही पाळीपाळीने अपघात विभागात आले पाहिजेत. अमेरिकी सैन्याच्या 2001 ते 2011 मधल्या मृत्यूंच्या अभ्यासात दिसले की बहुसंख्य सैनिक रुग्णालयात पोहोचण्याआधीच मेले. त्यातले सुमारे चौथाई वाचू शकले असते आणि त्यांतल्या दहातल्या नवांचा प्राण रक्तस्रावाने गेला. तिथे सर्जन नसतो, नर्सिंग असिस्टंट असतो.

युक्रेनमधून येणारी माहिती हे काम आणखी वाढवते. ड्रोनमुळे जखमीला हलवायला कित्येक तास लागतात, कधी दिवस. तासाभरासाठी बांधलेला टुर्निकेट (रक्त थांबवायला हातापायाला आवळलेला पट्टा) तसाच राहतो आणि पाय जातो. जखमांत औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात. हेलिकॉप्टर येईल आणि तासाभरात सगळे होईल, ही अफगाणिस्तानातली सवय पुढच्या युद्धात उपयोगी पडेलच असे नाही. टुर्निकेट कधी सैल करून दाबपट्टीवर यायचे, लघवीच्या धारेवरून द्रव कसे मोजायचे, दोन दिवस एकच माणूस कसा सांभाळायचा, हे आयसीयूच्या रात्रपाळीतच शिकता येते.

सुरुवात एका कमांड रुग्णालयापासून करता येईल. पुण्याचे सोयीचे आहे: मुंबई, सोलापूर, बेंगळुरू या तिन्ही बाजूंच्या महामार्गांचे शहर, शेजारी एएफएमसी, आणि 1944 पासून चाललेले कृत्रिम अवयव केंद्रही इथेच. पहिल्या सहा महिन्यांत फक्त लाल वर्गातले, म्हणजे जिवावर बेतलेले रुग्ण, एका वेळी चारच्या वर नाही. आणि चार आकडे दर तिमाहीला जाहीर करावेत: फाटकापासून टेबलापर्यंत किती मिनिटे लागली, रक्ताची पहिली पिशवी कितव्या मिनिटाला लागली, प्रत्येक सर्जनने किती मोठे रक्तस्राव हाताळले, सातव्या दिवसानंतर किती खाटा अडकून राहिल्या. यातला तिसरा आकडा आजच्या घडीला प्रत्येक कमांड रुग्णालयाने स्वतःच्या ओटीच्या रजिस्टरवरून काढून पाहावा. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.